फ्री सदर्न थिएटर

फ्री सदर्न थिएटर : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९६३ ते १९८० या काळात काम केलेली आफ्रिकी-अमेरिकन फिरती नाट्यसंस्था. मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहराला लागून असलेल्या टूगलू महाविद्यालयात ती सुरू झाली आणि पुढे लुइझियानातील न्यू ऑर्लिन्स हे तिचे ठाणे झाले. नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ती काढली, चालवली आणि चळवळीचा जोर ओसरल्यावरही बरीच वर्षे तगवून धरली. तिच्या नावावर गाजलेली नाटके फारशी नाहीत, आणि जी गाजली त्यांतली बरीचशी दुसऱ्यांनी लिहिलेली. तरीही अमेरिकी रंगभूमीच्या इतिहासात तिला जागा मिळाली, त्याचे मोठे कारण म्हणजे तिचा प्रेक्षक. हा प्रेक्षक प्रयोग संपल्यावर उठून जात नसे. तो बोलायला लागे, आणि काय बोलेल याचा संस्थेला अंदाज नसे.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीचे मिसिसिपी नाटकासाठी मुळीच पोषक नव्हते. १९६२ साली तिथल्या मतदानयोग्य कृष्णवर्णीयांपैकी फक्त ६.७ टक्के लोकांची नावे मतदारयादीत होती. नाव नोंदवायला जाणाऱ्याची नोकरी जाई, घर जाई, कधी जीवही जाई. जून १९६३ मध्ये जॅक्सनमध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांचा त्यांच्या घराच्या दारात खून झाला. वर्तमानपत्रे, आकाशवाणी, शाळा, नाट्यगृहे सगळी गोऱ्यांच्या ताब्यात. अशा मुलखात १८६९ पासून चालत आलेले टूगलू महाविद्यालय हे कार्यकर्त्यांना निर्धास्तपणे वावरता येईल अशा मोजक्या ठिकाणांपैकी एक होते.

तिथे तिघे जमले. तिघेही विशीतले, तिघेही बाहेरचे. डोरिस डर्बी न्यूयॉर्कची, चित्रकार. प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याच्या प्रकल्पावर ती आली होती. गिल्बर्ट मोझेस क्लीव्हलंडचा. ‘मिसिसिपी फ्री प्रेस’ या छोट्या वृत्तपत्रात काम करत होता. जॉन ओनील इलिनॉयमधल्या माउंड सिटी गावचा. त्याला नाटककार व्हायचे होते. पदवी घेऊन न्यूयॉर्क गाठण्याचा बेत बाजूला ठेवून तो दक्षिणेत आला आणि ‘स्टुडंट नॉनव्हायलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी’ या अहिंसक मार्गाने चालणाऱ्या तरुणांच्या नागरी हक्क संघटनेचा (सर्वांच्या तोंडी ‘स्निक’) पूर्णवेळ कार्यकर्ता झाला. चळवळीसाठी नाटक बाजूला ठेवायचे की नाटकासाठी चळवळ, या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणून नाट्यसंस्थेची कल्पना पुढे आली.

तिघांनी १९६३च्या अखेरीस जो आराखडा तयार केला, तो आज वाचतानाही धीट वाटतो. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांना विचार करायला, प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नाही, ही जागा रंगभूमी देऊ शकेल, असे त्यात म्हटले होते. पुढची उडी त्याहून मोठी होती. ब्लूज आणि जॅझ हे संगीत जसे याच लोकांतून निघाले, तशी त्यांची स्वतःची नाट्यशैलीही निघावी, अशी अपेक्षा त्यांनी नोंदवली. अशी शैली बाहेरून आणता येत नाही, हे बहुधा त्यांना ठाऊक होते. पण सुरुवात करायला हातात होते ते छापील नाटक.

पहिले नाटक ठरले ‘इन व्हाइट अमेरिका’. इतिहासकार मार्टिन ड्यूबरमन यांनी पत्रे, भाषणे, साक्षी आणि आठवणी यांची जुळवणी करून गुलामगिरीपासून, कृष्णवर्णीय मुलांच्या प्रवेशावरून गाजलेल्या लिटल रॉकच्या गोऱ्या शाळेपर्यंतचा प्रवास त्यात उभा केला होता. १९६४चा उन्हाळा हा ‘फ्रीडम समर’चा. उत्तरेतून शेकडो विद्यार्थी मतदार नोंदणीसाठी मिसिसिपीत उतरले होते, गावोगाव ‘फ्रीडम स्कूल’ उघडल्या होत्या, आणि जूनमध्ये चेनी, गुडमन व श्वर्नर हे तीन तरुण कार्यकर्ते बेपत्ता झाले होते. त्यांचे मृतदेह सापडले ऑगस्टमध्ये. त्याच दिवसांत ही मंडळी नाटक घेऊन गावागावांतून हिंडत होती. चर्च, अर्धवट बांधलेले समाजकेंद्र, उघडे मैदान, जागा मिळेल तिथे प्रयोग. रूलव्हिलमध्ये एका लाकडी घराच्या मागच्या ओसरीवर नाटक झाले, प्रेक्षक परसात. मॅकोम्बमध्ये ज्या कार्यकर्ता-निवासावर बॉम्ब टाकला गेला होता, त्याच्याच मागच्या अंगणात प्रयोग लावला. पडदा नाही, विंगा नाहीत, आणि तिकीटही नाही.

प्रेक्षकांतल्या बहुतेकांनी नाटक कधी पाहिले नव्हते, म्हणून ‘गप्प बसून पाहायचे असते’ हा नियमही त्यांना कोणी शिकवलेला नव्हता. चर्चमध्ये उपदेशकाला जसा हुंकार मिळतो, तसा नटांना मिळे. इंडियनोलामध्ये पोलिसांच्या सोबतीने ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’चे गोरे सभासद येऊन बसले. ही कौन्सिल म्हणजे वर्णभेद टिकवण्यासाठी गावातल्या प्रतिष्ठितांनी उभारलेली संघटना. कृष्णवर्णीयांच्या सभेत आपण होऊन बसलेल्या या माणसांनी त्या संध्याकाळी नाटक शेवटपर्यंत ऐकून घेतले. चळवळीच्या नेहमीच्या सभेत हे घडण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

१९६४च्या शेवटी संस्थेने न्यू ऑर्लिन्सला बिऱ्हाड हलवले. मिसिसिपीत राहून तालमी करणे धोक्याचे होते, आणि न्यू ऑर्लिन्समध्ये मोठी कृष्णवर्णीय वस्ती होती. शिवाय तिथे रिचर्ड शेक्नर होते. ट्यूलेन विद्यापीठात शिकवणारे आणि ‘ट्यूलेन ड्रामा रिव्ह्यू’चे संपादक असलेले शेक्नर गोरे, ज्यू, न्यू जर्सीचे. मोझेस आणि ओनील यांच्या बरोबरीने त्यांनी निर्मितीची जबाबदारी घेतली. भारतीय नाट्यअभ्यासकांना त्यांचे नाव नंतरच्या कामामुळे माहीत असते : १९६७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला ‘द परफॉर्मन्स ग्रुप’ काढला, १९७६ मध्ये ब्रेख्टचे ‘मदर करेज’ घेऊन ते भारतात आले, आणि रामलीलेवर त्यांनी विस्ताराने लिहिले. प्रेक्षक आणि नट यांच्यातली भिंत पाडण्याविषयी त्यांनी पुढे जे मांडले, त्याची मुळे मिसिसिपीच्या अंगणांत किती आणि न्यूयॉर्कच्या गॅरेजांत किती, हा अभ्यासकांनी जरा अधिक उकरावा असा विषय आहे. डर्बी मात्र न्यू ऑर्लिन्सला गेली नाही. मिसिसिपीतच राहून तिने सहकारी संस्था, बालवाड्या आणि छायाचित्रण यांत पुढची वर्षे घालवली. ग्रामीण मिसिसिपीतल्या बायकामुलांची तिने टिपलेली छायाचित्रे आज त्या काळाचा महत्त्वाचा दस्तऐवज मानली जातात.

नव्या दौऱ्यासाठी दोन नाटके निवडली. एक ओसी डेव्हिस यांचे ‘पर्ली व्हिक्टोरियस’, जॉर्जियातल्या कापूस मळ्याच्या गोऱ्या मालकाला बनवणाऱ्या धर्मोपदेशकाचे प्रहसन. दुसरे सॅम्युएल बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’, कधीच न येणाऱ्या गोदोची वाट पाहत बसलेल्या दोन भणंगांचे नाटक. पहिल्याबद्दल कोणाला शंका नव्हती. दुसऱ्यावरून संस्थेतच वाद झाला. पॅरिसमध्ये लिहिलेले, कथानक म्हणावे असे काही नसलेले हे नाटक कापूस वेचणाऱ्यांपुढे कशासाठी? पुढे चित्रपटअभिनेता म्हणून नाव कमावलेल्या जेम्स क्रॉमवेल यांनी ते बसवले. काही गावांत लोक कंटाळले, काही ठिकाणी बुचकळ्यात पडले.

रूलव्हिलमध्ये मात्र फॅनी लू हेमर प्रेक्षकांत होत्या. मळ्यावर हिशेबनिसाचे काम करणाऱ्या, मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्याबद्दल तिथून हाकलल्या गेलेल्या आणि तुरुंगात बेदम मार खाल्लेल्या या बाई तोवर चळवळीचा आवाज बनल्या होत्या. मध्यंतरात त्या उठून बोलल्या. त्यांच्या बोलण्याचा आशय असा : असे कपडे घातलेली माणसे आपण रोज दारूच्या गुत्त्यांत, रस्त्याच्या कोपऱ्यांवर कशाची तरी वाट पाहत बसलेली बघतो, पण वाट पाहून कोणी काही आणून देत नसते, हवे ते उठून लढून मिळवावे लागते. बेकेटच्या नाटकाचे इतके सरळ आणि इतके आपल्या गरजेपुरते वाचन समीक्षकांच्या जगात खपले नसते. रूलव्हिलमध्ये ते अचूक होते. नाटक अवघड की सोपे, हा प्रश्नच तिथे गैरलागू ठरला. ऐकणाऱ्यापाशी स्वतःचे म्हणणे होते, आणि ते मांडायला नाटकाने निमित्त दिले. प्रस्तुत नोंदकाराच्या मते संस्थेच्या सगळ्या वाटचालीतला हा कळीचा प्रसंग आहे, कारण पुढे ओनील यांनी जे केले ते याच दिशेने जाते.

१९६५च्या दौऱ्यात शॉन ओकेसीचे ‘द शॅडो ऑफ अ गनमॅन’ आणि ब्रेख्टचे स्पॅनिश यादवीवरचे एक नाटक होते; ‘इन व्हाइट अमेरिका’ पुन्हा घेतले. लुइझियानातले बोगालूसा हे कागद कारखान्याचे गाव ‘कू क्लक्स क्लॅन’ या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या दहशतवादी संघटनेचा अड्डा म्हणून बदनाम होते. तिथल्या प्रयोगाला ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या कृष्णवर्णीयांच्या सशस्त्र संरक्षक दलाने पहारा दिला. अहिंसेच्या चळवळीतून निघालेल्या संस्थेचा प्रयोग बंदुकांच्या पहाऱ्यात होणे ही विसंगती तेव्हाच्या कोणाच्या नजरेतून सुटली नसणार. नटसंचात डेनिस निकोलस होत्या. मिशिगनमधले शिक्षण सोडून त्या आल्या होत्या आणि पुढे दूरचित्रवाणीवर लोकप्रिय झाल्या.

आतून मात्र संस्था उसवत होती. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कलाकारांनी एकत्र काम करणे हेच १९६४ साली एक विधान होते. १९६६ मध्ये ‘ब्लॅक पॉवर’ची, म्हणजे कृष्णवर्णीयांनी आपली सूत्रे आपल्याच हाती घेण्याची, घोषणा झाली आणि प्रश्न बदलला : कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या रंगभूमीची सूत्रे गोऱ्यांच्या हाती का असावीत? शेक्नर आणि इतर गोरे सभासद बाजूला झाले. मोझेसही न्यूयॉर्कला गेला, तिथे दिग्दर्शक म्हणून मोठा झाला. लष्करी सेवेला सदसद्विवेकबुद्धीने नकार दिल्यामुळे ओनील यांना पर्यायी काम म्हणून काही काळ न्यूयॉर्कमध्ये काढावा लागला. यातले कडवटपण, पत्रे, दैनंदिन्या, भांडणे, सारे संस्थेने १९६९ मध्ये स्वतःच पुस्तकरूपाने छापले. स्वतःची लक्तरे अशी उघड्यावर आणणाऱ्या नाट्यसंस्था विरळाच.

सूत्रे आली टॉम डेंट यांच्याकडे. ते न्यू ऑर्लिन्सचेच, डिलर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांचे चिरंजीव, न्यूयॉर्कच्या ‘अंब्रा’ या कृष्णवर्णीय कवींच्या मंडळात काही वर्षे घालवून परतलेले. त्यांच्या काळात संस्थेचा भर दौऱ्यांवरून शहरातल्या गरीब वस्त्यांवर, विशेषतः डिझायर भागावर आला, आणि आयात नाटकांवरून स्थानिक लेखनावर. १९६८ मध्ये लेखन-अभिनयाच्या कार्यशाळेतून ‘ब्लॅकार्टसाउथ’ हा गट उभा राहिला. डेंट आणि व्हॅल फर्डिनंड (पुढचे कलामू या सलाम) त्याचे आधारस्तंभ; ‘न्कोंबो’ हे त्याचे नियतकालिक. न्यूयॉर्क आणि शिकागोभोवती फिरणाऱ्या, कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांच्या ‘ब्लॅक आर्ट्स’ चळवळीच्या इतिहासांत हा दक्षिणी फाटा अनेकदा दोन ओळींत उरकला जातो, ते अन्यायाचे आहे. १९६३च्या आराखड्यातले ‘लोकांतून निघणारे नाटक’ प्रत्यक्ष निघू लागले ते इथे.

पैशाची ओढाताण कायमची होती. प्रेक्षकाकडून काही घ्यायचे नाही म्हटल्यावर पैसा यायचा तो न्यूयॉर्कच्या नाट्यवर्तुळातल्या हितचिंतकांकडून, मदतनिधीच्या कार्यक्रमांतून आणि प्रतिष्ठानांच्या अनुदानांतून. लँग्स्टन ह्यूज यांच्यासारखे साहित्यिक पाठीशी होते. संस्था जसजशी अधिक स्वतंत्र बोलू लागली, तसतसे जुने दाते पातळ होत गेले. १९७०च्या दशकात कवी-नाटककार अमिरी बराका यांच्या ‘स्लेव्ह शिप’सारखे प्रखर प्रयोग झाले, पण वर्षावर्षाला संच बदलत होता.

अखेरची निर्मिती १९८० साली आली. ओनील यांचा एकपात्री प्रयोग, नायक जूनबग जॅबो जोन्स. हे पात्र मुळात स्निकच्या कार्यकर्त्यांनी गप्पांतून घडवले होते : चळवळीत भेटणाऱ्या शहाण्या, मिश्किल, नाव नसलेल्या खेडुतांचा एक प्रतिनिधी. ओनील यांनी त्याला गोष्टी दिल्या आणि त्याच्याच नावाने ‘जूनबग प्रॉडक्शन्स’ ही नवी संस्था काढली. जुन्या संस्थेचा निरोप राहिलाच होता. तो १९८५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रीतीने झाला : जुने सोबती गोळा झाले, चर्चासत्र भरले, आणि बँडच्या सुरांत शवपेटी मिरवत फ्री सदर्न थिएटरची रीतसर अंत्ययात्रा निघाली.

जूनबगच्या काळात ओनील यांनी ‘स्टोरी सर्कल’ ही पद्धत घडवली. प्रयोगानंतरच्या चर्चेत शिकलेली, वाद घालण्याची सवय असलेली माणसेच बोलतात आणि बाकीची गप्प होतात, हा दौऱ्यांतला जुना अनुभव होता. म्हणून मत मांडायला बंदी. लोक वर्तुळात बसतात, प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची, इतरांनी ऐकायची, मधे कोणी तोडायचे नाही, पाळी सर्वांना सारखी. या गोष्टींतून नाटक उभे राहू शकते आणि नाही राहिले तरी चालते. केंटकीच्या डोंगराळ भागातल्या गोऱ्या श्रमिकांत काम करणाऱ्या ‘रोडसाइड थिएटर’बरोबर जूनबगने संयुक्त नाटक केले. अमेरिकेत समाजकार्य, शिक्षण आणि लोकसहभागी रंगभूमीत आज ही पद्धत सर्रास वापरली जाते, बहुतेक वेळा तिच्या उगमाचा उल्लेख न करता.

मोझेस १९९५ मध्ये, डेंट १९९८ मध्ये, ओनील २०१९ मध्ये आणि डर्बी २०२२ मध्ये निधन पावले. संस्थेची कागदपत्रे न्यू ऑर्लिन्सच्या ॲमिस्टॅड संशोधन केंद्रात जतन केली आहेत. २०११ पासून जूनबग प्रॉडक्शन्सच्या कलात्मक दिग्दर्शनाची धुरा स्टेफनी मकी यांनी सांभाळली.