सार्वत्रिक निवडणूक : सातारा व सांगली जिल्ह्यांतील मतदान

लोकसभेची मुदत संपल्यावर किंवा ती मुदतीपूर्वी विसर्जित झाल्यावर तिच्या सर्व निर्वाचित जागांसाठी देशभर घेण्यात येणारी निवडणूक म्हणजे सार्वत्रिक निवडणूक होय. एकूण ५४३ जागांपैकी ४८ महाराष्ट्रात आहेत. प्रत्येक मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट त्याच्यावर नसते.

जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ यांच्या सीमा एकच असतात, हा समज चुकीचा आहे. सातारा मतदारसंघात वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. फलटण आणि माण सातारा जिल्ह्यात असूनही तेथील मतदार माढ्याचा खासदार निवडतात. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर आणि शिराळा हे हातकणंगले मतदारसंघात मोडतात. २०२४ मध्ये सात टप्प्यांत झालेल्या निवडणुकीत सातारा, सांगली, माढा आणि हातकणंगले या चारही मतदारसंघांचे मतदान ७ मे रोजी, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात झाले.

मतदानाच्या आदल्या दिवशी पथके यंत्रे व साहित्य घेऊन केंद्रांवर मुक्कामाला जातात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या काही वाड्यांपर्यंत त्यांना लाँचने जावे लागते. प्रत्यक्ष मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप (चाचणी) मतदान घेऊन यंत्र तपासले जाते आणि ती मते पुसून यंत्र मोहोरबंद केले जाते. केंद्रातील पहिला अधिकारी यादीतील नाव मोठ्याने वाचतो, ते प्रतिनिधींनी ऐकावे व तोतया मतदाराला हरकत घ्यावी म्हणून. त्यानंतर डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतला जातो. केंद्राच्या नियंत्रण यंत्रावरील कळ दाबल्यावरच मतदानयंत्र एका मतासाठी खुले होते, आणि मत दिल्यानंतर व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेआड उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. कोणताही उमेदवार मान्य नसल्यास २०१३ पासून ‘नोटा’चा पर्याय आहे. वेळ संपताना रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मतदान करता येते. त्यांना चिठ्ठ्या वाटताना सुरुवात रांगेतील शेवटच्या माणसापासून होते, म्हणजे मागाहून कोणी घुसू शकत नाही. ही साधी युक्ती सगळ्या नियमावलीतील सर्वांत शहाणपणाच्या तरतुदींपैकी एक मानावी लागेल.

तरीही मतदानाचा खरा पाया केंद्रात नसून मतदारयादीत आहे. संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला आणि ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये वयाची अट २१ वरून १८ वर्षांवर आणली. पण यादीत नाव नसेल तर खिशात मतदार ओळखपत्र असूनही मत देता येत नाही. नव्या नोंदणीसाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी ७ आणि दुरुस्तीसाठी ८ भरावा लागतो. यादीत नाव येण्यासाठी माणूस त्या ठिकाणचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा लागतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार केवळ गावात घर आहे एवढ्याने हा दर्जा मिळत नाही. मात्र तात्पुरते बाहेर गेल्याने तो संपतही नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत सातारा-सांगलीतली असंख्य कुटुंबे राहतात.

पाटण-जावळीचा माथाडी कामगार नवी मुंबईत, खानापूर-आटपाडीचा गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करणारा) व्यावसायिक परराज्यातील एखाद्या शहरात असतो. नाव एका वेळी एकाच मतदारसंघात ठेवता येते, म्हणून त्याला गाव किंवा कामाचे ठिकाण यांतून निवड करावी लागते. गाव निवडले तर मतदानाच्या दिवशी गाडी पकडावी लागते, शहर निवडले तर गावाशी मताने जोडलेले नाते सुटते. याउलट सैनिकाला कायद्याने ‘सेवा मतदार’ हा दर्जा दिला आहे. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जवान धाडणाऱ्या साताऱ्याजवळच्या आपशिंगे (मिलिटरी) या गावातील जवान सरहद्दीवर असला, तरी गावच्या यादीत नाव ठेवू शकतो. मतपत्रिका त्याला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते आणि भरलेली मतपत्रिका टपालाने परत येते. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आल्यामुळे महिला सैनिकाच्या पतीलाही ही नोंदणी खुली झाली. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरील मतदारांना घरूनच मत देण्याची सोय होती. पोटासाठी परमुलखात गेलेल्या कामगाराला मात्र अशी सोय अद्याप नाही, आणि ही उणीव प्रस्तुत लेखकाला गंभीर वाटते. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये अशा स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा आद्य नमुना जाहीर केला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल अशी त्याची रचना होती, परंतु २०२४ च्या निवडणुकीत ते वापरले गेले नाही.