‘गेट’चे सत्तावीस अर्थ आणि आपला ‘लाग’

कर्नाटकच्या सीमेवरच्या आमच्या निपाणीत शेजारची पोरगी परवा इंग्रजी ‘गेट’चे अर्थ पाठ करत होती. मिळणे, पोचणे, समजणे, होणे... 27 झाले आणि ती रडकुंडीला आली. "एका शब्दाला एवढे अर्थ? काय भाषा काका ही!" मी म्हटलं, "भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, दिवा लागला. हे कधी पाठ केलंस?"

जॉर्ज झिफ या अमेरिकी अभ्यासकानं 1945 मध्येच मांडलंय, की शब्दाचे अर्थ साधारण त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. वापर शंभरपट, तर अर्थ दहापट. तेव्हा ‘अमुक भाषेत एका शब्दाला एकच अर्थ, म्हणून कॉम्प्युटरला तीच योग्य’ असा फॉरवर्ड आला, की खुशाल पुसून टाकावा.

खरी गंमत पुढं आहे. ‘लाग’चं मूळ संस्कृत ‘लग्’, म्हणजे चिकटणे. माणूस कामाला चिकटला, म्हणजे काम सुरू झालं: ‘करायला लागला’. इथं चिकटणं विरून गेलं, उरली फक्त सुरुवात. आमच्या भागात गाडी आणखी पुढं गेली. ‘करायला लागलोय’ झिजून ‘करायलालोय’ झालं आणि सुरुवातही गळाली; उरलं नुसतं ‘करतोय’. "काय करायलालास?" "च्या प्यायलालोय." कप अर्धा झाला तरी प्यायलालोयच!

आता कन्नड बघा. ‘हत्तु’ म्हणजे चढणे, चिकटणेसुद्धा. बेळगाव-धारवाडचा माणूस ‘माडाक हत्तेनि’ म्हणतो, तेही झिजून ‘माडाकत्तेनि’: करतोय. बेंगळुरूकडं मात्र ‘माडता इद्दीनि’, तिथं मदतीला ‘असणे’ येतं. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविड, आणि वाट एकच. सांगलीजवळच्या कुपवाडच्या बोलींबद्दल गंपर्झ आणि विल्सन या भाषाअभ्यासकांनी 1971 मध्ये हेच लिहिलं: मराठी, कन्नड, उर्दूचे शब्द वेगळे, वाक्याचा साचा जवळपास एक.

‘गेट’ही त्यातलाच. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला, मूळ अर्थ मिळवणे. त्याचं ‘हॅव गॉट टू’ झालं, म्हणजे ‘जावं लागेल’मधलं ‘लागेल’, आणि बोलून बोलून ‘गॉटा’ उरलं.

पोरगीला एवढं सांगेपर्यंत तिची आई आतनं ओरडली, "अगं, दूध बुडाला लागायलालंय!"

पहिला ‘लाग’ अजून चिकटणारा, दुसरा झिजलेला.