मेलेली फ्लॉपी ड्राइव्ह बहुधा मेलेली नसते

सोलापुरात भंगाराच्या दुकानात फ्लॉपी ड्राइव्ह हाती लागली, तर ती एखाद्या जुन्या पीसीतलीच असेल असं नाही. इलेक्ट्रॉनिक जकार्ड (मागावर नक्षी उतरवणारं यंत्र) आणि एम्ब्रॉयडरी मशिनच्या कितीतरी कंट्रोलरमध्ये साडेतीन इंची फ्लॉपी बसायची. पंचकार्डांच्या लांबलचक माळेऐवजी नक्षी फ्लॉपीवरून मागावर चढायची. ड्राइव्ह बंद पडली की तिच्या जागी पेन ड्राइव्ह घेऊन फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग आणणारा इम्युलेटर बसवतात आणि जुनी ड्राइव्ह वजनावर निघते. विकणारा सांगतो, ‘खराब आहे, पार्टला घ्या.’ यावर लगेच विश्वास ठेवू नये. या यंत्रातल्या चिप सहसा शाबूत असतात. म्हातारपण येतं ते ग्रीसला, रबराला आणि काही मॉडेलमध्ये छोट्या कॅपॅसिटरना. सोलापुरी मालात त्यात भर पडते ती कापसाच्या तंतूंची.

जोडल्या जोडल्या पुढचा दिवा लागला आणि विझेचना, तर ड्राइव्हला दोष देऊ नका. ३४ तारांची पट्टी केबल उलटी बसली आहे. कारखान्यातल्या ड्राइव्हबाबत आणखी एक मेख असते. पीसीची केबल १० ते १६ नंबरच्या तारांना पीळ देऊन ‘ए’ आणि ‘बी’ ओळखते, तर मशिनमधल्या ड्राइव्हची निवड बऱ्याचदा वेगळ्या जंपरवर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीवर) असते. अशी ड्राइव्ह पीसीला जोडली तर ढिम्म हलत नाही, आणि लोक तिला मेलेली समजतात.

आता कान द्या. सुरू होताना येणारा ‘खर्रर्र’ आवाज म्हणजे हेड, म्हणजे चकतीवरचं वाचणारं-लिहिणारं टोक, मागे सरकत शून्य क्रमांकाच्या ट्रॅकवर (चकतीवरच्या गोल पट्ट्यावर) जात असतं. आपण कुठे आहोत हे ड्राइव्हला एरवी कळतच नाही. तिला एकच ठिकाण ओळखू येतं, ते म्हणजे शून्य. तिथे एक छोटी खाच असते, एका बाजूला प्रकाश सोडणारा एलईडी, दुसऱ्या बाजूला सेन्सर. हेडची पट्टी मध्ये आली की प्रकाश अडतो आणि शून्य आल्याची खबर मिळते. पुढचा सगळा प्रवास पावलं मोजत. आता या खाचेत तंतूंचा पुंजका बसला, तर हेड मध्येच कुठेतरी असताना ड्राइव्ह समजते की शून्य गाठलं. फ्लॉपीवर प्रत्येक सेक्टरच्या, म्हणजे ट्रॅकच्या तुकड्याच्या, आधी ट्रॅकचा नंबर लिहिलेला असतो. तो जुळत नाही आणि कंट्रोलर एररवर एरर देत बसतो. इलाज काय, तर मऊ ब्रशचा एक फटका!

आवाज अडखळत येत असेल तर सरकपट्टीवरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं. जुनं पूर्ण पुसून नवं अगदी थेंबभर लावायचं. जास्त लावलं तर पुन्हा धूळ धरणार.

हेड साफ करताना मात्र हात आवरावा लागतो. फ्लॉपीत हेड चकतीला प्रत्यक्ष घासतं, हार्ड डिस्कसारखं हवेवर तरंगत नाही. त्यामुळे चकतीवरचा चुंबकीय लेप सुटला की तो थेट हेडवर चढतो. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरे. काडी तपकिरी निघाली की रोग सापडला. वरचं हेड पातळ पत्र्याच्या स्प्रिंगवर टांगलेलं असतं. नीट दिसावं म्हणून ते जरा जास्त उचललं की स्प्रिंग वाकते, आणि तेव्हा मात्र ड्राइव्ह खरोखरच जाते. साफ झाल्यावर बुरशी आलेली फ्लॉपी आत घातली तर केलेली मेहनत पाण्यात. शटर सरकवून चकती उजेडात पाहिल्याशिवाय कुठलीच जुनी फ्लॉपी आत जाऊ देऊ नये.

सव्वापाच इंची जुन्या ड्राइव्हमध्ये बेल्ट असतो. चाळीशी पार करणाऱ्या उन्हाळ्यांत तो सैल पडतो, कधी डांबरासारखा चिकटून बसतो. नवा घातला की वेग तपासायचा, आणि मला या साऱ्या उद्योगात हाच भाग सगळ्यात आवडतो. खालच्या चाकावर काळ्या रेघांची दोन वर्तुळं छापलेली असतात, एक ५० हर्ट्झचं, एक ६० हर्ट्झचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ३६० केबीची ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५. दोन लुकलुकींमध्ये चाक फेरीचा विसावा भाग फिरतं. वर्तुळावर रेघा २०. म्हणजे प्रत्येक लुकलुकीला एका रेघेच्या जागी बरोब्बर पुढची रेघ येते आणि फिरतं चाक डोळ्यांना थांबलेलं दिसतं! वेग कमी असेल तर रेघा मागे सरकतात, जास्त असेल तर पुढे. छोट्या स्क्रू ड्रायव्हरने मोटारीच्या बोर्डावरचा प्रीसेट (वेग जुळवायचा छोटा स्क्रू) किंचित फिरवायचा, रेघा स्थिर होईपर्यंत. कसलं मीटर नको. फक्त एलईडी बल्बखाली हा प्रयोग बहुधा फसतो, कारण चांगल्या एलईडीत ती लुकलुक उरतच नाही. माळ्यावरची जुनी चोकवाली ट्यूब उतरवा.

उरतो तो सगळ्यात फसवा बिघाड, हेडची रेषा सरकणं. साडेतीन इंची फ्लॉपीवर एका बाजूला ८० ट्रॅक, दोन ट्रॅकमधलं अंतर ०.१९ मिमीच्या आसपास. एवढ्याशा जागेत हेड थोडं बाजूला गेलं तरी पुरतं. लक्षण ठरलेलं आहे. ड्राइव्ह स्वतः लिहिलेल्या फ्लॉपी छान वाचते, दुसरीकडच्या वाचत नाही, आणि हिच्या फ्लॉपी इतरांना वाचता येत नाहीत. हेड पावलापावलाने सरकवणाऱ्या स्टेपर मोटारीचे लाखेने बंद केलेले स्क्रू सैल करून ही रेषा जुळवता येते, पण त्यासाठी खास अलाइनमेंट डिस्क आणि सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. नुसत्या अंदाजाने तिथे हात घालू नये.

सगळी साधनं हाताशी असली तरी घाई नको. त्या मशिनवरच्या नक्ष्या याच सरकलेल्या हेडने फ्लॉपीवर लिहिलेल्या असतील, तर हेड ‘सरळ’ केल्यावर त्या कुणालाच वाचता येणार नाहीत. एका फ्लॉपीत मावतात जेमतेम १४,७४,५६० बाइट, तेव्हा कॉपी करायला फार वेळ जात नाही. आधी त्याच वाकड्या ड्राइव्हने एकेक फ्लॉपी वाचून तिची इमेज फाइल (हुबेहूब प्रत) करून ठेवायची. लाखेला हात त्यानंतर.