मोटारीतील वातानुकूलन व हीटर : घरगुती दुरुस्ती

मोटारगाडीच्या आतील हवा थंड, गरम वा कोरडी करणारी यंत्रणा बिघडल्यास वाहनमालकाने गॅरेजमध्ये न जाता, साध्या हत्यारांनी करावयाच्या किरकोळ दुरुस्त्या. फ्यूज व रिले (विजेने चालणारा स्विच) बदलणे, केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी गाळणी) साफ करणे, कंडेन्सर (शीतक वायूची उष्णता बाहेर सोडणारी पुढची जाळी) धुणे, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी राखणे, पाण्याचा निचरा मोकळा करणे ही कामे यात येतात. शीतक वायू भरण्याचे काम यात धरावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. ते वगळणेच अधिक योग्य दिसते. कारणे पुढे दिली आहेत.

मोटारीतील हीटरचा आरंभ कोठे मानावा, हे ठरवणे अवघड आहे. मार्गारेट विलकॉक्स या अमेरिकन संशोधिकेला १८९३ मध्ये मिळालेल्या पेटंटावरून तिला हे श्रेय देण्याची प्रथा आहे. मात्र ते पेटंट रेल्वेच्या डब्यांविषयीचे होते, आणि अमेरिकेत पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारी त्या साली नुकत्याच प्रायोगिक अवस्थेत होत्या. त्यामुळे हे श्रेय जपूनच स्वीकारावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रवासी पायांशी कोळशाची शेगडी किंवा तापवलेल्या विटा ठेवत. पुढे धुराड्याच्या नळीची उष्णता आत घेण्याचे प्रयोग झाले. त्यांत नळीला चीर गेल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरे. इंजिन थंड ठेवणारे पाणीच छोट्या रेडिएटरमधून फिरवून हवा तापवण्याची पद्धत साधारणपणे १९३० च्या दशकात रुळली. आजचा हीटर तत्त्वतः तोच आहे, आणि म्हणूनच त्याच्या बिघाडाचा शोध कूलंटपासून सुरू करावा लागतो.

वातानुकूलनाच्या बाबतीत वाद तुलनेने लहान आहे. १९३० च्या दशकात काही खासगी लिमोझिनना शीतयंत्रे बसवल्याचे उल्लेख आढळतात. परंतु कारखान्यातूनच अशी यंत्रणा देऊ करणारी पहिली कंपनी म्हणून पॅकार्डचे नाव सर्वसाधारणपणे मान्य आहे. काही ग्रंथ १९३९ देतात, काही १९४०. यंत्रणा १९३९ च्या अखेरीस लोकांपुढे आली व १९४० च्या मॉडेलांसाठी विकली गेली, हे लक्षात घेता १९३९ धरणे अधिक युक्त वाटते. तिची कूलिंग कॉइल (हवा थंड करणारे वेटोळे) मागच्या आसनामागे असे आणि कॉम्प्रेसरला, म्हणजे शीतक वायू दाबून फिरवणाऱ्या पंपाला, इंजिनापासून सोडवणारा क्लच नसे. गारवा नको असल्यास मालकाला इंजिन बंद करून, बोनेट उघडून पट्टा हाताने काढावा लागे. थोडक्यात, मालकाचा हात या यंत्रणेला पहिल्यापासून लागत आला आहे. थंड आणि गरम हवेची साधने डॅशबोर्डखाली एकाच पेटीत आणण्याचे श्रेय बहुधा नॅश कंपनीच्या १९५४ च्या यंत्रणेला द्यावे लागेल.

भारतात अॅम्बॅसिडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना पुष्कळदा बाजारातून वेगळे संच बसवले जात. कारखान्यातून आलेली वातानुकूलित गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती १९८० च्या दशकानंतर.

गाडी थंड होत नाही म्हटले की ‘गॅस संपला’ असे निदान सर्रास केले जाते. ते पुष्कळदा चुकीचे असते, आणि त्यात वाहनमालकाचे नाहक पैसे जातात. शीतक वायू बंद मंडलात फिरतो. पेट्रोलसारखा तो खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून व जोडांतून अगदी थोडा झिरपतो, पण एकाच उन्हाळ्यात गारवा गेला असेल तर गळती आहे असे समजावे. म्हणून वायूकडे वळण्यापूर्वी हवा आणि वीज या दोन वाटा तपासणे श्रेयस्कर.

हवेचा झोत क्षीण असेल तर दोष बहुतेक वेळा केबिन फिल्टरमध्ये सापडतो. पुष्कळ गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडला की मागे फिल्टरचे झाकण दिसते. फिल्टरवरील बाण हवेच्या दिशेनेच बसला पाहिजे. ब्लोअर, म्हणजे हवा आत फेकणारा पंखा, फक्त शेवटच्या, सर्वाधिक वेगावर चालत असेल तर त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो, कारण त्या वेगावर वीज रेझिस्टरला वगळून थेट मोटरला मिळते. ब्लोअर मुळीच चालत नसल्यास आधी फ्यूज पाहावा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा. जाड तार गुंडाळून काम भागवल्यास वायरिंग पेटण्याचा धोका असतो.

झोत जोरदार पण हवा कोमट, अशा वेळी बोनेट उघडून एसीचे बटण दाबावे. जुन्या धाटणीच्या कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ असा आवाज करून पकडतो आणि पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो. आवाज येत नसेल तर रिले, फ्यूज किंवा वायू कमी झाल्यावर कॉम्प्रेसर थांबवणारा दाबाचा स्विच यांपैकी एक कारण संभवते. अलीकडच्या काही कॉम्प्रेसरांना क्लचच नसतो, त्यांना ही कसोटी लागू पडत नाही. क्लच पकडत असूनही सिग्नलला हवा कोमट व वेगात थंड लागत असेल, तर कंडेन्सरचा पंखा बंद आहे किंवा जाळी धूळ, किडे व भुसा यांनी भरली आहे. ती नळाच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिची पातळ पाती वाकतात.

पायाशी पाणी साचणे आणि आंबट वास येणे यांचे मूळ बहुधा एकच असते. कूलिंग कॉइलवर जमणारे पाणी ज्या रबरी नळीतून गाडीखाली पडायला हवे, ती चिखलाने बुजलेली असते. गाडीखाली टपकणारे स्वच्छ पाणी हा बिघाड नव्हे. दमट दिवसांत ते न टपकणे हीच शंकेची खूण. मऊ नळी किंवा प्लॅस्टिकचा दोरा हलकेच घालून ती मोकळी करता येते. पावसाळ्यात घाटात काच आतून धूसर होणे हाही त्याच ओलाव्याचा परिणाम असू शकतो. मात्र काचेवर तेलकट थर बसत असेल व गोडसर वास येत असेल, तर हीटर कोअरमधून (हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून) कूलंट गळत आहे, आणि ते काम घरी होण्यासारखे नाही.

हीटर गरम होत नसल्यास पहिली शंका कमी कूलंटची. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडावे; गरम असताना दाबाखालचे पाणी उसळून गंभीर भाजते. पातळी ठीक असूनही इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढतच नसेल, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडा अडकलेला असतो. काटा ठीक असेल, तर हीटर सुरू ठेवून फायरवॉलमध्ये (इंजिन व आसनांचा भाग यांमधल्या पत्र्यात) शिरणाऱ्या दोन नळ्यांना, फिरत्या पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर राहून, सावधपणे हात लावावा. एक कढत आणि दुसरी गार असल्यास कोअर तुंबला आहे किंवा झडप बंद आहे. दोन्ही कढत असूनही हवा गार असेल, तर थंड-गरम हवेचे मिश्रण करणारा दरवाजा अडकल्याचे समजावे.

वायू स्वतः भरण्याविषयी. अमेरिकेत आर-१३४ए या मोटारींतील शीतक वायूचे लहान डबे सामान्य ग्राहकाला मिळतात. १ जानेवारी २०१८ पासून उत्पादित डब्यांना आपोआप बंद होणारी झडप लागते. भारतातही असे डबे व साधे दाबमापक विकत मिळतात. अडचण मोजमापाची आहे. इंजिन बंद असताना मंडलातील दाब तापमानावर ठरतो, वायूच्या मात्रेवर नव्हे. ३० अंश सेल्सिअसला तो सुमारे ९७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतो, मग आत पुरेसा वायू असो वा द्रवाचे थोडेच थेंब उरलेले असोत. चालू यंत्रणेचा दाबही बाहेरील उष्म्यानुसार बदलतो. म्हणून आधीचा वायू उपसून, निर्वात करून, बोनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच वायू भरणे ही एकमेव खात्रीची रीत होय. जास्त वायूनेही गारवा घटतो. उच्च दाबाच्या बाजूला डबा जोडल्यास तो फुटू शकतो. आर-१३४ए ची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट असल्याने तो हवेत सोडणे गैर आहे. स्वयंपाकाचा गॅस भरण्याचे प्रकार तर आगीलाच आमंत्रण देतात.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो व त्याच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्यांना मालकाने हात लावू नये. या कॉम्प्रेसरांत वंगणासाठी सहसा पीओई नावाचे वीजरोधक तेल असते. इतर गाड्यांत नेहमी वापरले जाणारे पीएजी तेल थोडेसे मिसळले तरी ही रोधकता घटते. अशा गाड्यांत घरगुती दुरुस्तीची हद्द फिल्टर, निचऱ्याची नळी आणि कंडेन्सरची जाळी येथपर्यंतच राहते.