स्नेक प्लांटची रात्रपाळी आणि पाण्याचं गणित

‘बेडरूममध्ये स्नेक प्लांट ठेवा, तो रात्रभर ऑक्सिजन देतो’ हा मेसेज दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरत येतो. तो चुकीचा आहे. प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतून येतो आणि तो रेणू फोडायला प्रकाश लागतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. दिवा मालवल्यावर कोणतंही झाड ऑक्सिजन तयार करत नाही, श्वसनासाठी थोडा वापरतं मात्र. तरीही या झाडाच्या पानांत रात्री काहीतरी विलक्षण चालतं हे खरं आहे. ते समजलं की त्याला पाणी किती घालायचं, हा प्रश्न जवळजवळ सुटतो.

स्नेक प्लांट मूळचा नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या पट्ट्यातला. जुन्या पुस्तकांत तो सॅन्सेव्हिएरिया म्हणून सापडेल, २०१७ पासून त्याची गणना ड्रॅसिना या वनस्पतींच्या वंशात होते. पानं जाड, पाण्याने भरलेली. मातीखाली आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड असतं, त्यातही साठा. पण साठ्यापेक्षा त्याची खरी कमाल काटकसरीत आहे.

कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर झाडाला पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतल्या पाण्याची वाफ बाहेर जाते. यातून कुणाचीच सुटका नाही. भात-गव्हासारखी झाडं एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. ज्वारी, ऊस यांचं काम २५० ते ३०० ग्रॅममध्ये भागतं. स्नेक प्लांटच्या जातकुळीतल्या झाडांना ५० ते १०० ग्रॅम पुरतात.

ही झाडं रंध्रं उघडतात ती रात्री. पुण्यात मे महिन्यात दुपारी पारा ३८-३९ अंशांवर असतो, पहाटे तो २३-२४ वर येतो आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता वाढते. अशा हवेत रंध्रं उघडी ठेवली तरी वाफ कमी जाते. अडचण अशी की रात्री प्रकाश नाही, म्हणजे आत घेतलेल्या वायूची साखर लगेच बनवता येत नाही. मग तो ठेवायचा कुठे? पेपकार्बोक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला पकडतं आणि तीन कार्बनच्या एका रेणूला जोडतं. चार कार्बनचा रेणू तयार होतो, त्याचं पुढे मॅलिक आम्ल बनतं आणि ते पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत, साठत जातं. रात्रभरात रिक्तिकेतल्या रसाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) सहाच्या आसपासून चारच्याही खाली उतरू शकतो. उजाडलं की रंध्रं मिटतात, आम्ल रिक्तिकेतून बाहेर येतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड पानाच्या आतच मोकळा होतो आणि रुबिस्को हे विकर उन्हाच्या ऊर्जेवर त्याची साखर करायला घेतं. दारं बंद, कारखाना चालू!

हे आम्ल जिभेने ओळखलं गेलं ते भारतात. बेंजामिन हाइन हे ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासकडचे वनस्पतितज्ज्ञ. १८१५ च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचं पत्र छापून आलं. पानफुटीची पानं सकाळी चुक्यासारखी आंबट लागतात, दुपारपर्यंत बेचव होतात आणि संध्याकाळी जवळपास कडू, असं त्यांनी लिहिलं होतं. शाळेत पानाच्या कडेवर रोपं फुटताना दाखवतात तीच ही पानफुटी. तिच्या क्रॅसुलेसी कुलावरून या पद्धतीला ‘क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम’, थोडक्यात ‘कॅम’ म्हणतात. (चव घ्यायचा मोह टाळा. पानफुटी आणि स्नेक प्लांट, दोन्हींत विषारी द्रव्यं असतात.)

आता कुंडीकडे वळू. दिवसभर रंध्रं मिटलेली, त्यात झाड दिवाणखान्याच्या कोपऱ्यात. प्रकाश कमी म्हणजे साखर कमी, वाढ कमी आणि पाण्याची गरजही कमी. अशा झाडाला दर रविवारी तांब्याभर पाणी दिलं तर ते प्यायचं कुणी? पाणी मातीत तसंच राहतं. मुळांनाही श्वसन असतं, त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतली हवा लागते. या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन मुळांपर्यंत पोचणं दुरापास्त होतं, कारण तो पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. गुदमरलेली मुळं मरू लागतात आणि पिथियमसारखे सूक्ष्मजीव त्यांच्यावर ताव मारतात. मुळं गेली की पानं लुळी पडतात, आपल्याला वाटतं झाड तहानलंय आणि आपण आणखी पाणी घालतो. फरक ओळखता येतो. तहानलेलं पान कडक राहून उभं सुरकुततं. सडलेलं पान बुडाशी तपकिरी, मऊ होतं, हलकं ओढलं तरी हातात येतं आणि त्याला कुबट वास येतो.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे भरले की निचरा होतो, हा समजही सोडायला हवा. एक स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. बारीक छिद्रांत केशाकर्षणाने धरलेलं पाणी तळाशी ठरावीक उंचीपर्यंत राहतंच. मातीचंही तसंच आहे. खाली विटांचा थर दिला की हा ओला पट्टा त्या थराच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. निचरा हवा असेल तर मातीतच एक तृतीयांश ते निम्मी जाड वाळू किंवा परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे हलके पांढरे खनिज दाणे) मिसळा. भोक नसलेली सुंदर कुंडी तर या झाडासाठी घेऊच नका.

पाणी घालण्याआधी बांबूची काडी तळापर्यंत खुपसून मिनिटभराने काढा. माती चिकटून आली किंवा काडी दमट लागली तर थांबा. कोरडी आली तर भोकातून पाणी वाहेपर्यंत द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. घोट-घोट पाण्याने वरचा थर तेवढा भिजतो, क्षार साचत जातात. उन्हाळ्यात खिडकीपाशी हे दोन-तीन आठवड्यांनी करावं लागेल, कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात कदाचित महिनाभर नाही. वार ठरवू नका, काडीला विचारा.

वास्तुवाले याची दिशा सांगतात. झाडाला कळते ती खिडकी. हवा शुद्ध करण्याचा दावा नासाच्या १९८९ च्या अहवालावर उभा आहे, पण ते प्रयोग बंद पेटीत झाले होते. घरात हवा सतत खेळती असते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. खिडक्या-दारांतून होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यात दिसलं. खिडकी उघडणं सोपं.

आणि झाड सडलंच, तर वरचं निरोगी पान कापा, काप दोन-तीन दिवस सुकू द्या आणि वाळूमिश्रित मातीत खोचा. मुळं फुटायला काही आठवडे जातात, कोंब यायला महिने. पिवळ्या काठाच्या जातीत मात्र पानापासून आलेलं रोप बहुधा साधं हिरवं निघतं, कारण तो काठ वेगळ्या जनुकीय घडणीच्या पेशींच्या थरातून येतो आणि नवा कोंब तो थर सोबत आणत नाही. काठ टिकवायचा असेल तर आडव्या खोडाच्या तुकड्यासकट फुटवाच वेगळा करावा लागतो.