क्लिनिकल ट्रायलसाठी डिजिटल रुग्णनोंदणी : नीतिप्रश्न आणि नागपूर

नव्या औषधाच्या, लसीच्या किंवा उपकरणाच्या चाचणीसाठी सहभागी शोधताना फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती, गूगल शोध, व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि रुग्णांचे ग्रुप वापरणे, याला डिजिटल रुग्णनोंदणी म्हणतात. पूर्वी हे काम ओपीडीत समोरासमोर होई. आता डॉक्टरची भेट होण्याआधीच रुग्णाच्या मनात चाचणीविषयी एक कल्पना तयार झालेली असते, आणि नंतर हाती पडणारा संमतीपत्राचा लांबलचक कागद तो त्याच कल्पनेतून वाचतो. त्यामुळे संमतीची प्रक्रिया पहिल्या जाहिरातीपासूनच सुरू होते, असे धरूनच या विषयाकडे पाहावे लागते.

नागपूर हे मध्य भारतातले उपचारांचे मोठे केंद्र आहे. १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेडिकल’, तसेच मेयो हे दुसरे शासकीय रुग्णालय, मिहान परिसरातील एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतील खाजगी रुग्णालये येथे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. जुलै २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या मानवी चाचण्यांसाठी निवडलेल्या १२ केंद्रांपैकी एक नागपुरात होते.

भारतात औषधांच्या आणि लसींच्या अशा चाचण्या ‘नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ नुसार चालतात. त्याआधी रुग्णांना पुरेशी कल्पना न देता चाचण्या झाल्याच्या आरोपांवरून इंदूरमध्ये उठलेले वादळ आणि सर्वोच्च न्यायालयातील जनहित याचिका यांमुळे कायदा कडक होत गेला होता. सहभागी कसे शोधणार, जाहिरातीत काय लिहिणार, हे एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीपुढे, ठेवावे लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत वैद्यकाबाहेरची सामान्य व्यक्ती आणि कायद्याचा जाणकारही असावा लागतो. अडचण अशी की समिती मंजूर करते तो मजकूर, आणि लोकांपर्यंत पोहोचतो तो फॉरवर्ड.

समजा, मंजूर जाहिरात अशी आहे : “टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी संशोधन-अभ्यास. अभ्यासातील औषधाला अद्याप मान्यता नाही. काही सहभागींना औषधाऐवजी प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) मिळेल.” एखाद्या मेहुण्याने ती वाचून पुढे ढकलली की तिचे होते : “शुगरची नवी गोळी फुकटात भेटून राहिली, टेस्टही फ्री, लवकर नंबर लावा.” यात मेहुण्याची नियत वाईट नसते. विदर्भात मोफत आरोग्य शिबिराची परंपरा जुनी आहे आणि ट्रायलची जाहिरात बहुधा शिबिराच्याच रंगरूपात येते : स्टेथोस्कोप लावलेला हसरा डॉक्टर, खाली हिरवे बटण. शिबिरात रुग्णाच्या भल्यासाठी उपचार होतो, चाचणीत औषधाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर शोधले जाते, हा फरक चित्रात कुठेच दिसत नाही. तो चित्रातच दिसला पाहिजे. ‘हे संशोधन आहे’ ही ओळ फॉरवर्ड करताना गळून पडू नये म्हणून ती चित्रावरच ठळक छापणे, हा साधा आणि उपयोगी उपाय आहे.

त्याहून अवघड प्रश्न फोनचा आहे. डिजिटल नोंदणीचे सगळे शास्त्र ‘एक फोन म्हणजे एक माणूस’ या गृहीतावर उभे आहे. भिवापूर किंवा कुरखेड्याच्या घरात स्मार्टफोन अनेकदा एकच असतो, आणि तो मुलाच्या खिशात असतो. आईच्या आजाराचा ऑनलाइन फॉर्म मुलगाच भरतो. ‘मला माहिती मिळाली असून मी सहमत आहे’ या चौकटीत टिचकी त्याची पडते. नंतर चाचणीच्या कोऑर्डिनेटरचा फोन आला की तोही मुलगा किंवा शेजारीच उचलतो. म्हणून पहिल्या फोनवर आजाराचे नाव न घेणे, संबंधित व्यक्ती स्वतः बोलेपर्यंत पुढचे काही न सांगणे आणि एसएमएसमध्ये रोगाचा उल्लेख टाळणे, एवढे पथ्य तरी सक्तीचे हवे. नव्या रासायनिक घटकाच्या, म्हणजे पूर्वी औषध म्हणून मान्यता न मिळालेल्या रसायनाच्या, चाचणीत दुर्बल गटातील सहभागींच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे, पण एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी नियमांनी फक्त ध्वनिमुद्रण पुरेसे मानले आहे. तिथे चेहऱ्याची एवढी जपणूक होते. प्राथमिक ऑनलाइन फॉर्ममध्ये मात्र नाव, मोबाइल क्रमांक आणि आजार एकाच ओळीत गोळा होतात.

विदर्भात हा धोका सिकलसेलच्या बाबतीत सर्वांत जास्त जाणवतो. हा रक्ताचा आनुवंशिक आजार येथे मुख्यतः अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांत आढळतो. सिकलसेलच्या जाहिरातीवर कोणी क्लिक केले याची यादी म्हणजे अप्रत्यक्षपणे जातीची, आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची यादी. वाहक असल्याचे कळल्यामुळे सोयरीक मोडण्याची भीती ज्या घरात आहे, तिथे ही माहिती बाहेर जाणे ही किरकोळ चूक ठरत नाही. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने जानेवारी २०२२ पासून आरोग्यविषयक आवडींवरून ठरावीक लोकांनाच जाहिरात दाखवण्याचे पर्याय काढून टाकले खरे, पण जिल्हा, वय आणि भाषा यांवरूनही बरेच हेरता येते. रुग्णांच्या स्वयंसहाय्य ग्रुपमध्ये ओळख न सांगता शिरून क्रमांक गोळा करणे तर सरळसरळ विश्वासघात आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ संशोधनाला काही सूट देतो, पण ती माहिती विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापरली जात नसेल तरच. अमुक रुग्ण पात्र, तमुक अपात्र, हे ठरवणे म्हणजे असाच निर्णय होय. त्यामुळे नोंदणीच्या फॉर्मला ती सूट लागू धरणे पटत नाही. हा कायदा सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याची सोय करतो. गोंडी त्या अनुसूचीत नाही. चाचणीच्या संमतीपत्राला मात्र सहभागीला समजणारी भाषा लागते, म्हणून गोंडी बोलणाऱ्या रुग्णासाठी तोच नियम आधाराचा आहे.

अपात्र ठरलेल्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फॉर्म भरणारे पुष्कळ आणि निवडले जाणारे थोडे असतात. उरलेल्यांचे क्रमांक जाहिरात एजन्सीकडे पडून राहतात आणि पुढच्या चाचणीसाठी वापरले जाण्याची शक्यता असते. ते केव्हा पुसले जातील, हे समितीने मंजुरी देतानाच लिहून घ्यायला हवे.

जाहिरातीमागे खरोखर चाचणी आहे का, हे रुग्णाला भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, पाहता येते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली. जून २००९ पासून तिच्यात नोंदणी सक्तीची असून ती पहिला सहभागी घेण्याआधी व्हावी लागते. सीटीआरआय क्रमांक टाकला की प्रायोजक, केंद्रे आणि एथिक्स कमिटीची मंजुरी विनामूल्य दिसते. हा क्रमांक आणि समितीचा संपर्क जाहिरातीवरच छापला, तर पारडसिंग्यासारख्या गावात बसलेल्या माणसालाही फॉर्म भरण्याआधी खातरजमा करून घेता येईल.