वेग एक तृतीयांश घटवा, उष्णता निम्म्याहून खाली

लॅपटॉप तापला की ‘लिनक्समध्ये पॉवरसेव्ह गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं धोरण) लाव’ हा सल्ला हमखास मिळतो. पण इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांवर तो आधीपासून लागलेलाच असतो! प्रोसेसरचा वेग सांभाळणारा इंटेलचा पी-स्टेट ड्रायव्हर सक्रिय असेल, तर तिथला ‘पॉवरसेव्ह’ काम वाढताच वेग थेट टर्बोपर्यंत, म्हणजे नेहमीच्या वेगापलीकडच्या उसळीपर्यंत, नेतो. आटोक्यात आणायचा तो हा टर्बो.

कारण वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. ट्रान्झिस्टर उघडमीट करताना खर्च होणारी शक्ती वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा, ३.६ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट लागतात आणि २.४ ला ०.९. वेग दोन तृतीयांश झाला, व्होल्टेजचा वर्ग ०.५६ पट. गुणाकार ०.३७५, म्हणजे दर सेकंदाची उष्णता निम्म्याहून कमी. काम दीडपट वेळ चालेल हे खरं, पण ०.३७५ गुणिले दीड म्हणजे पुन्हा ०.५६! एका कामाची एकूण उष्णता काढताना वेग उडूनच जातो, उरतो तो व्होल्टेजचा वर्ग. म्हणून वेग ८०० मेगाहर्ट्झवर नेऊन बसवू नये. व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरत नाही आणि काम लांबतं तितका वेळ गळतीचा प्रवाह (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारी वीज) चालूच राहतो. (‘एका क्लिकमध्ये लॅपटॉप थंड’ म्हणणारी ॲप्स यातलं काहीच करत नसतील, तर ती स्वतःच प्रोसेसरवर आणखी एक ओझं.)

आता प्रत्यक्ष कृती. ‘सेन्सर्स’ ही आज्ञा तापमान दाखवते. शंभरीच्या आसपास प्रोसेसर आपणहून वेग तोडतो. इंटेलवर ‘नो_टर्बो’ या सिस्टीम फाइलीत १ लिहिला की टर्बो बंद. एएमडीवर जिथे ‘बूस्ट’ (टर्बोचंच तिथलं नाव) फाइल असते, तिथे उलट, ०. नुसतं ‘सुडो एको’ (एको मजकूर छापतो, सुडो आज्ञा प्रशासकाच्या हक्काने चालवतो) करून > या बाणाने फाइलीत वळवलं तर परवानगी नाकारली जाते, कारण सुडो फक्त एकोला लागू होतो, फाइल उघडणारं शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) तुमच्याच साध्या हक्काने चालतं. एकोचं उत्तर पाइपने (| या चिन्हाने) ‘सुडो टी’कडे द्या; फाइलीत लिहिण्याचं काम ‘टी’ करतो. टर्बो ठेवून नुसती कमाल मर्यादा हवी असेल, तर ‘सीपीयूपॉवर’ ही आज्ञा आहे.

रीबूटनंतर हे सगळं पुसलं जातं. कायमचं हवं तर टीएलपी या वीजबचतीच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये बूस्ट बंद करा; मात्र पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हा तसाच दुसरा प्रोग्रॅम सोबत चालू ठेवू नका, दोघं एकमेकांच्या नोंदी खोडतात.

चालू कामांची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये प्रोसेसर रिकामा दिसतोय आणि तापमान तरीही ८० अंश? मग हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धूळ अडकली असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉप बंद करून हवा मारा, पण पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा. मोकळा गरगरला तर बेअरिंग जाऊ शकतं.